गाणे कागदावरचे, गाणे गळ्यातले

एल्व्हिस प्रेस्लीने काळ्या लोकांचे संगीत चोरले, हे विधान आता इतके घासून गुळगुळीत झाले आहे की ते करणाऱ्याला पुढे काही विचार करावा लागत नाही. पुराव्यादाखल हमखास 'हाउंड डॉग'चे नाव घेतले जाते. १९५३ साली बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ते गाजवले, १९५६ साली मेम्फिसच्या एका गोऱ्या पोराने ते उचलले, तो लक्षाधीश झाला आणि तिला, तिच्याच सांगण्यानुसार, एकुलता एक पाचशे डॉलरचा चेक मिळाला. तपशील बहुतेक खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र उथळ आहे. आणि त्यावरचे ठरलेले उत्तरही तितकेच उथळ: गाणे मुळात दोन गोऱ्या मुलांनी लिहिले होते, मग चोरीचा प्रश्न येतोच कुठे?

दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात. गाणे म्हणजे एक अखंड वस्तू, तिला एक मालक, आणि मालक ठरला की चोरही ठरला. माझे म्हणणे असे की गाण्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी असतात: कागदावर उतरणारी रचना, गळ्यातून उतरणारी गायकी आणि तबकडीवर उतरणारे मुद्रण. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पहिलीला कायद्याचे भक्कम संरक्षण होते. तिसरीला देशपातळीवर ते नव्हतेच, आणि जो काही हक्क निघे तो कंपनीच्या खिशात जाई. दुसरीचे तर खातेच कुणी उघडले नव्हते. थॉर्नटनचे जे गेले ते या न उघडलेल्या खात्यातले. म्हणूनच ते 'चोरीला गेले' असे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झाले नसते, आणि म्हणूनच ते कुणालाही बिनदिक्कत वापरता आले. या व्यवहारात एल्व्हिस हा सर्वात प्रसिद्ध माणूस आहे. सर्वात महत्त्वाचा नाही.

१. कागदावर काय होते?

ऑगस्ट १९५२. लॉस एंजेलिसमध्ये जॉनी ऑटिस या बँडप्रमुखाने जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांना एका गायिकेची तालीम ऐकायला बोलावले. दोघेही एकोणीस वर्षांचे, ज्यू घरांतले. लीबरचे बालपण बाल्टिमोरमध्ये गेले; आईच्या किराणा दुकानातला माल काळ्या कुटुंबांच्या घरी पोचवता पोचवता ब्लूज त्याच्या कानात बसला होता. समोर उभी होती विली मे थॉर्नटन. अलाबामात जन्मलेली, चौदाव्या वर्षापासून फिरत्या कंपनीत गाणारी, धिप्पाड, पुष्कळदा पुरुषी कपड्यांत वावरणारी, ड्रम आणि माउथ ऑर्गन स्वतःच्या स्वतः शिकलेली. तिला ऐकून ही पोरे तडक घराकडे सुटली आणि पाव तासाच्या आत गाणे लिहून परत आली. गाण्याचा मजकूर सरळ आहे. बाईच्या जिवावर जगणाऱ्या, तिच्या दाराशी हुंगत येणाऱ्या पुरुषाला ती हाकलून देते आहे. हा कुत्रा म्हणजे कुत्रा नव्हे, ऐतखाऊ बाप्या.

गाणे थॉर्नटनच्या अंगाचे माप घेऊन शिवलेले होते, ही गोष्ट 'मूळ गीतकार गोरे' म्हणणारे सोयीस्करपणे वगळतात. तिला पाहिले नसते तर हे गाणे लिहिलेच गेले नसते. पण 'हिच्यामुळे सुचले' या गोष्टीला कायद्यात किंमत नाही. असूही नये कदाचित, ते असो.

१३ ऑगस्टला मुद्रण झाले. तालमीत ऑटिस स्वतः ड्रम वाजवत होता. मुद्रणाच्या वेळी नेहमीचा वादक बसला आणि ठेक्यातला जोर गेला. तेव्हा या दोन पोरांनी ऑटिसलाच पुन्हा ड्रमवर बसायला लावले आणि मुद्रणाची सूत्रे आपल्याकडे घेतली. थॉर्नटनने सुरुवातीला गाणे हळुवार, प्रेमगीतासारखे घेतले. लीबरने सांगितले, असे नाही, गुरगुरत. मला गायला शिकवू नकोस, अशा अर्थाचे तिने त्याला सुनावले, आणि मग जे गायले ते आज आपण ऐकतो. पुढे यावरही वाद झाला. गुरगुर आपण सुचवली, असे लीबर सांगे. मधली बोलणी, हाका, आरोळ्या सगळ्या माझ्या, असे थॉर्नटन सांगे. दोन्ही खरे असू शकते. सुचवणे एकाचे आणि गाणे दुसरीचे, यात विसंगती काही नाही.

आता ही तबकडी लक्ष देऊन ऐका. पहिला शब्द येतो तोच वरून पडल्यासारखा, घसा खरवडत. पीट लुईसची गिटार तिच्या प्रत्येक ओळीला उत्तर देते. मध्ये गिटारचा एकल भाग सुरू होतो तेव्हा गायिकेने गप्प बसायचे असते. ही बसत नाही. ती वादकाला चेव देते, डिवचते, मध्येच हसल्यासारखे करते. शेवटी तर बँडमधले लोकच कुत्र्यांसारखे भुंकू-केकाटू लागतात. आता मला सांगा, यातले किती नोटेशनच्या कागदावर उतरेल? बारा मात्रा-गटांचा ब्लूजचा साचा आणि त्याचे तीन कॉर्ड ही कुणाचीच मालमत्ता नाही. उरतात शब्द आणि थोडीशी चाल. लोकांनी विकत घेतले ते उरलेले सगळे. ह्यूस्टनच्या पीकॉक रेकॉर्ड्सने १९५३ च्या फेब्रुवारीअखेरीस ही तबकडी बाजारात आणली आणि ती ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

२. हे वेगळे करता येते का?

रचना आणि गायकी वेगळी करता येत नाही, हा आक्षेप निदान ख्याल ऐकणाऱ्या माणसाने घेऊ नये. सदारंगची मुद्रा बंदिशीत टिकून राहते, आणि तीच बंदिश मल्लिकार्जुन मन्सूर गातात तेव्हा ती मन्सूरांची मैफल असते. बंदिश कुणाची हे विचारणारा आणि गाणे कुणाचे झाले हे विचारणारा, दोघेही शहाणे. फक्त त्यांचे प्रश्न दोन आहेत हे दोघांनाही ठाऊक असते. आपल्याकडे घराण्यांची भांडणे झाली ती गायकीवरून, कारण ऐवज तिथे आहे हे सगळ्यांना पटलेले होते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कायद्याने मात्र छापील नोटेशनलाच संगीत मानले. ज्या समाजाचे संगीत छापील कागदावर जन्मले, त्याला ते सोयीचे होते. ब्लूज तसे जन्मलेले नव्हते.

३. कायद्याला काय ऐकू येत होते?

१९०९ चा अमेरिकन कॉपीराइट कायदा पियानोच्या छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांच्या काळातला. एका कंपनीने सगळी गाणी विकत घेऊन मक्तेदारी करू नये, म्हणून त्यात एक तोड काढली होती. रचनेच्या मालकाने एकदा कुणाला मुद्रणाची परवानगी दिली की पुढे कुणीही, प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मोजून, तेच गाणे मुद्रित करू शकेल. कव्हर नावाचा सगळा धंदा या दोन सेंटांवर उभा आहे. ते दोन सेंट रचनेच्या मालकाला. आधीच्या गायकाला त्यातले काही नाही. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाला तर केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळायला १५ फेब्रुवारी १९७२ उजाडावी लागली, तेही त्या तारखेनंतरच्या मुद्रणांना.

मग एखाद्या गायिकेची मांडणी, तिचा ठेका, तिच्या हरकती कुणी जशाच्या तशा उचलल्या तर? हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. पॉला वॉटसन या कृष्णवर्णीय गायिकेने सुप्रीम रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीसाठी एक गाणे गायले. डेक्का या बड्या कंपनीने तेच गाणे एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेतले आणि ते कितीतरी अधिक खपले. सुप्रीमने दावा लावला. १९५० साली निकाल लागला: संगीताची मांडणी ही मालमत्ता नव्हे. त्या दिवसापासून सगळ्या बड्या कंपन्यांना हिरवा कंदील मिळाला. १९५५ साली जॉर्जिया गिब्जने लाव्हर्न बेकरच्या 'ट्वीडली डी'ची जवळजवळ सही-सही नक्कल बाजारात आणली, तेव्हा वैतागलेल्या बेकरने काँग्रेसमधल्या चार्ल्स डिग्ज या प्रतिनिधीकडे कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही.

आता याच्या शेजारी दुसरा खटला ठेवा. 'हाउंड डॉग' बाजारात येऊन महिनाही होत नाही तोच मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने त्याला 'उत्तर' म्हणून 'बेअर कॅट' काढले. गायक रूफस थॉमस, स्वतः कृष्णवर्णीय, रेडिओवरचा लोकप्रिय निवेदक. चाल तीच, भूमिका उलट: आता पुरुष बाईला सुनावतो. लेबलवर रचनाकार म्हणून सनचे मालक सॅम फिलिप्स यांनी आपले नाव टाकले. पीकॉकचा मालक डॉन रोबी याने दावा ठोकला आणि जिंकला. सनला रॉयल्टी मोजावी लागली. सनची ही पहिली गाजलेली तबकडी, आणि तिचाच भुर्दंड.

निकाल चुकीचा नव्हता. चाल खरेच उचललेली होती. मुद्दा असा की यंत्रणा ढिली नव्हती, बहिरी नव्हती, काळ्यांच्या बाजारातल्या छोट्या तबकडीकडे तिचे दुर्लक्षही नव्हते. कागदाला हात लागला की काही महिन्यांत न्याय मिळत होता, आणि तोही एका काळ्या मालकाला. गळ्याला हात लागला तर दाद मागायला दारच नव्हते.

४. एल्व्हिसने घेतले ते काय?

१९५३ सालीच या गाण्याची बरीच कव्हरे झाली होती. लिटल एस्थरने ते गायले. टॉमी डंकनसारख्या गोऱ्या कंट्री गायकांनीही गायले. म्हणजे रंगाची रेघ ओलांडायला गाण्याला एल्व्हिसची वाट पाहावी लागली नाही. नंतर फिलाडेल्फियातल्या टीन रेकॉर्ड्सच्या बर्नी लो याला वाटले की शब्द जरा 'सोवळे' केले तर हे सगळीकडे चालेल. त्याने लास व्हेगासमध्ये कार्यक्रम करणाऱ्या फ्रेडी बेल अँड द बेलबॉइजकडे काम सोपवले. १९५५ च्या त्यांच्या तबकडीत ऐतखाऊ पुरुष गायब झाला आणि खराखुरा कुत्रा आला, ज्याला ससाही पकडता येत नाही. गाण्यातला सगळा डंख काढून टाकल्यावर जे उरले ते विनोदी गाणे.

एल्व्हिसच्या हाती लागले ते हे. १९५६ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो व्हेगासच्या न्यू फ्रंटियर हॉटेलात गात होता आणि तिथल्या प्रौढ प्रेक्षकांनी त्याला थंडच प्रतिसाद दिला. रात्री तो सँड्स हॉटेलात बेलचा कार्यक्रम पाहायला जाई. थॉर्नटनची तबकडी त्याच्या कानावर असेलही, पण त्याने गायलेले शब्द बेलचे आहेत. ५ जूनला मिल्टन बर्लच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने हे गाणे कंबर हलवत, शेवटी लय निम्मी करत सादर केले आणि देशभर ओरड झाली. १ जुलैला स्टीव्ह ॲलनने आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्याला 'सभ्य' करण्यासाठी शेपटीचा कोट घालायला लावून एका बॅसेट जातीच्या कुत्र्यासमोर हे गाणे म्हणायला लावले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमधल्या आरसीएच्या स्टुडिओत त्याने हट्टाने एकतीस टेक घेतले.

त्या तबकडीत डी. जे. फोंटानाचे ड्रम कडव्यांच्या मधल्या जागेत गोळ्या झाडल्यासारखे येतात, स्कॉटी मूरची गिटार चिरत जाते, आणि गायकाच्या आवाजात चिडलेपण आहे. ते कुणावर, हे शब्दांवरून कळत नाही, कारण शब्दांना अर्थच उरलेला नाही. माझे मत विचाराल तर ही एक वेगळी, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली गायकी आहे. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकणारा कुणीही हिला थॉर्नटनची नक्कल म्हणणार नाही. नक्कल म्हणजे काय ते पाहायचे असेल तर गिब्जने बेकरची केली ती पाहा. तिथे हरकतीसकट उचल आहे. 'चोरी' हा शब्द वापरायचाच तर तो तिथे वापरावा. पण गिब्जला आज कोण ओळखते? तिच्यावर आरोप करून कुणाला काय मिळणार?

एल्व्हिसच्या आवृत्तीत जे खरोखर गेले, ते पैशाच्या हिशेबात कधी येतच नाही. बाईने पुरुषाला घराबाहेर काढण्याचे गाणे पुरुष गाऊ शकत नाही. गायले तर ते पोकळ होते. आणि नेमकी ही पोकळ आवृत्तीच पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज अशा तिन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेली आणि जगाच्या स्मरणात राहिली. आज 'हाउंड डॉग' म्हटल्यावर दहातल्या नऊ लोकांना कुत्रा आठवतो. थॉर्नटनच्या गाण्यातली ती करारी बाई ऐकणाऱ्यांच्या कानाआड गेली, ही माझ्या लेखी पाचशे डॉलरांहून मोठी हानी आहे.

५. तबकडीची दुसरी बाजू

एल्व्हिसच्या या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'डोन्ट बी क्रूएल' होते. दोन्ही बाजू मिळून ती अकरा आठवडे अव्वल राहिली. हे दुसरे गाणे लिहिले होते ब्रुकलिनच्या ऑटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने. ते एल्व्हिसने गावे म्हणून त्याला रचनेचे निम्मे श्रेय एल्व्हिसच्या नावे लिहून द्यावे लागले. एल्व्हिसने त्यात एक शब्द लिहिलेला नव्हता. ही उघड लूट. तरीही उरलेले निम्मे ब्लॅकवेलचेच राहिले, आणि तबकडी जितकी खपली तितकी त्याची रॉयल्टी.

एकच तबकडी, एकच गोरा गायक, एकच कंपनी. एका बाजूला काळा पुरुष, ज्याच्या हाती कागद होता. त्याचा अर्धा हिस्सा लुबाडला गेला, पण अर्धा टिकला. दुसऱ्या बाजूला काळी बाई, जिच्या गळ्यातून गाणे घडले पण जिच्या हाती कागद नव्हता. तिचा हिस्सा शून्य. तिथे लुबाडायलाही काही नव्हते. 'गोऱ्याने काळ्याचे लुटले' एवढ्या एका सूत्राने या दोन बाजूंमधला फरक समजावता येत नाही.

याचा अर्थ रंग गौण होता असा कुणी काढू नये. कागदापर्यंत कोण पोचणार, हे रंगच ठरवत होता. बिलबोर्ड साप्ताहिक १९४९ पर्यंत काळ्यांच्या संगीताची यादी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापत होते. जेरी वेक्सलरने सुचवलेले 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव त्याच्या जागी आले, पण भिंत तीच राहिली. थॉर्नटनची तबकडी सात आठवडे त्या भिंतीच्या आत पहिली होती. पॉपच्या यादीत ती नव्हतीच. कव्हरची सक्तीची परवानगी कागदोपत्री सर्वांना समान होती. पण एका कंपनीकडे शहराशहरांतली रेडिओ केंद्रे आणि दुकाने, दुसरीकडे ह्यूस्टनमधले एक कार्यालय, तेव्हा समान नियमाचा फायदा एकाच दिशेने वाहतो. कायद्याचा आंधळेपणा आणि बाजाराची डोळस निवड यांनी मिळून काम केले.

मात्र माणसे रंगाच्या खणांत नीट बसत नाहीत, हेही खरे. थॉर्नटनला पाचशे डॉलरांवर वाटेला लावणारा डॉन रोबी काळा होता. ऑटिसचे आईवडील ग्रीसमधून आलेले होते, आणि तो जन्मभर स्वतःला काळ्या समाजाचा मानत तिथेच जगला; याच ऑटिसने लीबर-स्टोलरच्या गाण्यावर रचनाकार म्हणून आपलेही नाव चढवून घेतले. रोबीने त्या दोन पोरांना दिलेला बाराशे डॉलरचा चेक वटलाच नाही. एल्व्हिसचे गाणे गाजल्यावर ऑटिसने हिश्श्यासाठी न्यूयॉर्कमध्ये दावा केला आणि तो हरला. ही सगळी भांडणे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रकाशक भांडतात, बँडप्रमुख भांडतो, गीतकार भांडतात, एल्व्हिसची प्रकाशन कंपनी भांडते. थॉर्नटन या भांडणांत पक्षकार म्हणून कुठेच नाही. भांडायला आधी कागद लागतो.

६. तीन आक्षेप

पहिला: कव्हरमुळे मूळ गायिकेचेही नाव झाले, नाहीतर आज तिला कोण विचारते? हा आक्षेप मला सर्वात फोल वाटतो. १९५६ च्या सुमारास काळ्या श्रोत्यांच्या बाजारातली ऱ्हिदम अँड ब्लूजची लाट ओसरत होती. थॉर्नटनला पुढे 'हाउंड डॉग'च्या तोडीची दुसरी गाजलेली तबकडी मिळाली नाही. पीकॉक सुटले, ती कॅलिफोर्नियात छोट्या क्लबांत गात राहिली. साठच्या दशकात युरोपात ब्लूजची आवड वाढली आणि आर्हूली या छोट्या कंपनीने तिला पुन्हा मुद्रित केले, तेव्हा कुठे तिला दुसरा श्वास मिळाला. त्याचे श्रेय एल्व्हिसच्या कव्हरला देता येत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: गुरगुरणे कुणाच्या मालकीचे करणार? थॉर्नटन स्वतः बेसी स्मिथ आणि मेम्फिस मिनी यांना ऐकून तयार झाली. उद्या आवाजाच्या लकबीवर कॉपीराइट दिला तर ब्लूज एका पिढीत मरेल. मला हे पूर्ण मान्य आहे. १९५० चा निकाल मला अन्यायकारक वाटतो, पण त्याच्या उलट निकालाने काय अनर्थ झाला असता हेही दिसते. तेव्हाच्या बड्या कंपन्यांनीच सगळे ठेके आपल्या नावे करून घेतले असते. मी गायकीची मालकी मागत नाही. कव्हरची मोकळीकही काढून घ्या म्हणत नाही. ती नसती तर ना कंट्रीवाल्यांची आवृत्ती असती, ना एल्व्हिसची. मी म्हणतो ते एवढेच की रचनाकाराला जसा प्रत्येक वापरामागे वाटा मिळतो, तसा गायकाला त्याच्या स्वतःच्या मुद्रणाच्या प्रत्येक वापरामागे मिळायला हवा होता. ही काही अचाट मागणी नाही. १९६१ च्या रोम कराराने जगातल्या अनेक देशांनी कलाकारांचा असा शेजारहक्क मान्य केला. अमेरिका त्यात सामील झाली नाही. तिथली पारंपरिक रेडिओ केंद्रे आजही गाणे वाजवल्याबद्दल रचनाकाराला पैसे देतात, गायकाला देत नाहीत.

तिसरा आक्षेप वकिली थाटाचा: समजा हक्क असता, तरी रोबीने तो पहिल्याच करारात लिहून घेतला नसता कशावरून? घेतला असता, नक्कीच घेतला असता. म्हणून नुसता हक्क पुरत नाही. लिहून देता न येणारा हक्क लागतो. आपल्याकडे लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला तेव्हा काही सहकलाकारांनाही तो पटला नव्हता, आणि कायद्यात गायकाच्या रॉयल्टीची स्पष्ट तरतूद यायला २०१२ ची दुरुस्ती लागली. तेव्हा अमेरिकेला एकटीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

७. पडताळा

वरच्या युक्तिवादाची परीक्षा घ्यायची तर असे उदाहरण हवे जिथे कव्हर करणारी व्यक्ती गोरी आहे, पण प्रामाणिक आहे, आणि रचनाही थॉर्नटनचीच आहे. चोरीचा सिद्धान्त खरा असेल तर तिथे थॉर्नटनला न्याय मिळायला हवा.

असे उदाहरण आहे. 'बॉल अँड चेन' हे गाणे थॉर्नटनने स्वतः लिहिले. जॅनिस जॉप्लिनने ते तिच्याकडून ऐकले, तिची परवानगी घेतली, जून १९६७ मध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात गायले आणि रातोरात नाव कमावले. १९६८ च्या 'चीप थ्रिल्स' या अल्बमवर ते आले आणि अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. थॉर्नटनला आपण काय देणे लागतो, हे जॉप्लिनने कधी लपवले नाही. लबाडी नाही, तोडमोड नाही, वर कृतज्ञता. तरीही रॉयल्टीचा ओघ थॉर्नटनकडे आला नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने हे गाणे बे-टोन नावाच्या छोट्या कंपनीसाठी मुद्रित केले होते; कंपनीने ते प्रसिद्ध केले नाही, पण कॉपीराइट स्वतःकडे ठेवला.

म्हणजे पहिल्या वेळी तिच्याकडे गळा होता आणि कागद दुसऱ्यांचा होता. दुसऱ्या वेळी कागदही तिचाच होता, पण तो तिच्या हातात राहू दिला गेला नाही. एल्व्हिसला खलनायक ठरवणाऱ्या कथेत या दुसऱ्या प्रसंगाला जागाच नाही, कारण तिथे बोट दाखवायला कुणी चेहराच सापडत नाही. जॉप्लिन निर्दोष, श्रोते निर्दोष, आणि ज्याने तिजोरीला कुलूप लावले त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

थॉर्नटन जुलै १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारली. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एल्व्हिसला पहिल्याच तुकडीत, १९८६ साली घेतले. त्याच वर्षी सॅम फिलिप्स. लीबर आणि स्टोलर १९८७ मध्ये. जॉनी ऑटिस १९९४ मध्ये, ऑटिस ब्लॅकवेल २०१० मध्ये. बिग मामा थॉर्नटनची पाळी २०२४ साली आली, आणि तीही गायिका म्हणून नव्हे, 'सांगीतिक प्रभाव' या गटात.